ओलं फडकं

हबवरचे सगळे हिरवे दिवे लागलेले होते, आणि रश्मीला धास्ती वाटली ती नेमकी त्यामुळेच. एखादा जरी विझलेला असता तरी तिला हायसं वाटलं असतं. तार उंदरानं कुरतडली, जोड निसटला, काहीही म्हणता आलं असतं आणि सगळं पाप उंदराच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पण दूध संघातल्या सगळ्या संगणकांच्या तारा ज्या चपट्या डबीत येऊन मिळत होत्या, त्या डबीवर सर्व्हरच्या नावाचा दिवा लख्ख जळत होता. म्हणजे तार शाबूत होती. सर्व्हरच्या पोटातल्या नेटवर्क-कार्डात वीज होती. आणि तरीही सर्व्हर कुणाशी बोलत नव्हता. बाहेर दूध उतरवायच्या धक्क्यावर तिन्ही संगणक तोंड मिटून बसले होते, टेम्पोंची रांग फाटकाबाहेर रस्त्याला लागली होती आणि सकाळी सातलाच ऊन चटका द्यायला लागलं होतं. रश्मीनं की-बोर्डवर एक ओळ टाईप केली. पडद्यावर उत्तर आलं, पण ते वाचायच्या आधीच तिला माहीत होतं. परवा, खंडेनवमीला, तिनं या सर्व्हरचा गाभा बदलला होता, ज्याच्यावर बाकीचे सगळे प्रोग्रॅम उभे असतात तो गाभा. नव्या गाभ्याला हे कार्ड ओळखता येत नव्हतं. चूक तिची होती. हे कळायला तिला पुरतं एक मिनिटही लागलं नाही. पुढं दिवसभर तिला वाटत राहिलं की निदान अर्धा तास लागायला हवा होता, म्हणजे तेवढा अर्धा तास तरी आपण खरोखर अजाण होतो असं म्हणता आलं असतं.

काकासाहेब आले ते दाराबाहेर चपला काढून, धोतराचा सोगा सावरत. संकलनाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. दूध नासलं तर शिव्या खाणारे तेच, म्हणून शिव्या देण्यातही तेच पुढं. "काय झालं मॅडम?" त्यांनी विचारलं. "बघते," रश्मी म्हणाली. तेवढ्यात त्यांची नजर सर्व्हरच्या डब्यावर गेली. खंडेनवमीच्या पूजेचं हळद-कुंकू डब्याला लावलं होतं, त्याचा आता गुलाबी फराटा झाला होता आणि फराट्याच्या कडेला पाण्याचा थेंब सुकायचा राहिला होता. "हे कुणी पुसलं?" काकासाहेबांचा आवाज चढला. दाराबाहेर, चपलांच्या ओळीपाशी, दगडाबाई उभी होती. ठेकेदाराकडून झाडलोटीला येणारी, पन्नाशीची, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेली. हातात फडकं होतंच.

"म्या पुसलं साह्येब," ती म्हणाली. "कुकू सांडलं हुतं. पेढ्याला मुंग्या लागल्या हुत्या."

"ओल्या फडक्यानं?"

"वलंच हुतं. कोरड्यानं कुकू निगत न्हाई, उलटं फासतं."

"झालं!" काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. "मशीनला हात लावायचा नाही म्हणून कितीदा सांगितलं तुला? मॅडम, पाण्यानं बिघडतं ना हे?"

सगळं तिथंच ठरलं, पुढं जे झालं ते नुसतं त्यामागनं फरफटत गेलं. रश्मीनं हबकडं पाहिलं. हिरवा दिवा तिच्याकडं बघत होता. "पाण्यानं बिघडू शकतं," ती म्हणाली. वाक्य खरं होतं. पाण्यानं बिघडू शकतंच, कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं सापडेल. पण खोटं बोलायला दरवेळी खोटंच वाक्य लागतं असं थोडंच आहे? काकासाहेबांनी दगडाबाईला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस, ठेकेदाराला मी दुसरी बाई बघायला सांगतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती इतक्या सहजासहजी, उभ्या उभ्या दिली जाते हे रश्मीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की चोराला त्या वेळी आपल्या अंगावरच्या ओढणीची कड दिसत राहते, आणि तिचा एक धागा निघालाय हेही दिसतं.

मग काकासाहेबांनी गोरक्षला हाक मारली. गोरक्ष संघाचा वायरमन. त्यांनी त्याला धक्क्यावरचा टेबल फॅन आणायला लावला आणि सर्व्हरच्या पाठीशी सुरू करून दिला. "वाळू द्या. ओलं आहे ते वाळलं की सुरू होईल," ते म्हणाले, आणि रांगेतल्या टेम्पोवाल्यांना समजवायला बाहेर गेले. पंखा मान हलवत फिरायला लागला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सगळ्यांना नाही म्हणत असल्यासारखा.

खंडेनवमीला दुपारी ही खोली अगदी शांत होती. पूजेला सगळी यंत्रं बंद करून ठेवायची, एक दिवस त्यांना विसावा द्यायचा, हा संघाचा रिवाज. खवा भट्टीचा झारा, वजनकाटा, टायपिस्टचं मशीन, आणि दोन वर्षांपासून संगणकसुद्धा. प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल. खंडेनवमीची संध्याकाळ आणि दसऱ्याचा अख्खा दिवस दुधाची नोंद हातानं, दुप्पट माणसं लावून. रश्मी पूजेत नसायची. आडनाव भिंगारदिवे म्हटल्यावर कुणी तिला आरतीचं ताट घे म्हणत नसे आणि तीही मागत नसे. दोन्ही बाजूंनी सोयीचा असा हा अबोल करार होता. पूजा चालू असताना ती सर्व्हरच्या खोलीत बसून राहिली. दोन हजार साल अडीच महिन्यांवर आलं होतं, सगळीकडं त्याची धास्ती, तेव्हा सर्व्हर नवा करून ठेवावा, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे कुणीच तिला काही करायला सांगितलं नव्हतं. मासिकाबरोबर एक सीडी आली होती, आणि तिला ते करून बघायचं होतं. अख्ख्या नगरमध्ये कुणी केलं नसेल ते आपण, घोडेगावजवळच्या वाडीतली भिमाबाईची पोरगी, एकटीनं, पुस्तक मांडीवर घेऊन करतोय, ही हौस. दोन तास पडद्यावर ओळी धावत राहिल्या आणि ती त्यांच्याकडं उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तशी बघत राहिली. मग गोरक्षनं दारातून हाक दिली, "मॅडम, यूपीएस बंद करायचाय, आरती झाली, तेवढं एक मशीन राहिलंय!" आणि तिनं घाई केली. शेवटून दुसरी पायरी होती, कार्डासारख्या अवयवांचे छोटे प्रोग्रॅम नव्या गाभ्याच्या कपाटात नेऊन ठेवायची. ती राहिली. सर्व्हर एकदा सुरू करून पाहिला, पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली, आणि तिला आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. दुसऱ्या एखाद्या संगणकावरून त्याला हाक मारून पाहायला हवी होती. नेहमी ती तसंच करायची. पण बाकीचे सगळे डोक्यावर फूल घेऊन निजलेले. त्यांच्यावरचं फूल काढून त्यांना उठवायचं म्हणजे पुन्हा चार लोकांचे डोळे, 'यांना आपलं काही पवित्र नाही' असलं काहीतरी न बोलता बोलणं. नको, म्हणाली. गोरक्षनं आत येऊन सर्व्हरलाही कुंकू लावलं, तिच्या हातावर पेढा ठेवला, आणि ती एसटी धरून घरी गेली.

दसऱ्याला घरी आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. विहारात वंदना झाली, पोरांनी निळे झेंडे लावले, दुपारी खीर. आई सगळ्यांना सांगत फिरत होती, "आमची रश्मी दूध संघात हाय. समदी मशीनं तिच्या एकटीच्या हातात." 'हातात' म्हणताना आईनं आपलेच हात पालथे करून दाखवले. त्या हातांवरच्या भेगा रश्मीला पाठ होत्या. फडक्याच्या नाहीत त्या. कांद्याच्या खुरपणीच्या, नंतरच्या. फडकं आईच्या हातातून गेलं तेव्हा रश्मी नऊ वर्षांची होती. शाळेत झाडलोटीला आई होती, आणि शनिवारी दुपारी ती सुटायची वाट बघत रश्मी वर्गाच्या दारात बसायची. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, पितळी, पेटीत ठेवलेला. त्या शनिवारी विज्ञानाचे सर तो काढून एकटेच काहीतरी बघत होते. कांद्याचा पापुद्रा असेल. कोपर लागला आणि तो पडला. काचेचा आवाज फार बारीक झाला, पेन्सिलीचं टोक मोडावं एवढाच. सरांनी वर पाहिलं तर दारात रश्मी. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. सोमवारी मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं आणि विचारलं की पुसताना पाडलास का. आई म्हणाली, "म्या फडकं मारलं हुतं, पन पाडला न्हाई." फडकं मारलं होतं, एवढंच सगळ्यांनी ऐकलं. सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "चुकून झालं असेल, बाईचा हेतू तसा नसणार." फार मऊ आवाजात म्हणाले. आईचं काम गेलं.

आणि रश्मी काही बोलली नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं काय बोलावं, असं कुणीही म्हणेल. ती स्वतःही पुढं कित्येकदा म्हणाली. पण नऊ वर्षांच्या पोरीला सगळं कळत होतं. तिला हेही कळलं की त्या आठवड्यापासून सर तिला पहिल्या बाकावर बसवायला लागले. नवी वही दिली. सातवीपासून घरी बोलावून गणित शिकवलं, एक पैसा न घेता. स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः भरला, कॉलेजात पोचवायला नगरला स्वतः आले. सर वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण. वाईट असते तर काम सोपं झालं असतं. त्यांनी आयुष्यभर फेड केली, फक्त जिची करायची तिची सोडून. आज इथं, या थंड खोलीत, सगळी मशीनं जिच्या एकटीच्या हातात होती ती रश्मी त्या फुटलेल्या भिंगातूनच वर आली होती. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई अजून सरांना देवमाणूस म्हणायची.

पंखा फिरत होता. खरं तर तिला दोनच मिनिटं लागणार होती. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, सुरुवातीला तो क्षणभर थांबतो तेव्हा इंग्रजी अक्षरांत 'जुना' असं टाईप करायचं, की तो जुना गाभा घेऊन उठतो. ही पळवाट तिनं शहाणपणानं ठेवली होती. पण पंखा लावून दोनच मिनिटं झाली होती. इतक्यात सुरू झालं तर कुणीतरी विचारेल की तुम्ही काय केलंत. रश्मीनं दहा मिनिटं थांबायचं ठरवलं. ठरवलं असंही नाही, ती नुसती बसून राहिली, उगाच एक-दोन ओळी टाईप करत, पडद्याकडं गंभीर चेहऱ्यानं बघत. बाहेर टेम्पोत कॅन तापत होते. दहा मिनिटं झाल्यावर तिनं सर्व्हर बंद केला, चालू केला, चार अक्षरं टाईप केली. हबवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि मग भराभर लुकलुकायला लागला. धक्क्यावरून ओरडा ऐकू आला, "आलं! आलं!"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि लोक कावळ्याला नमस्कार करतात. काकासाहेबांनी पंख्याच्या जाळीवर थाप मारली. "बघा, वाळलं! मी म्हणत नव्हतो?" गोरक्षलाही भरून आल्यासारखं झालं, शेवटी पंखा त्यानं आणलेला. टेम्पो पुढं सरकायला लागले, कॅनचा खणखणाट सुरू झाला, आणि रश्मी पाण्याच्या टाकीपाशी तोंडावर पाणी मारायला गेली. तिथं पायरीवर दगडाबाई बसली होती. घरी गेली नव्हती. फडकं धुऊन, पिळून, मांडीवर घडी करून ठेवलं होतं.

"ताई, वाळलं म्हनं," ती आशेनं उठली. "तुमी येकडाव साह्यबाला सांगा की. वाळलंय तर नुसकान काय झालं? पुन्यांदा न्हाई हात लावायची. धा वर्सं झाली मला इथं."

"दगडाबाई, ते पाण्यानं झालंच नव्हतं," रश्मी म्हणाली. "माझी चूक होती. परवा मीच एक काम अर्धवट सोडलं होतं."

दगडाबाई तिच्याकडं बघत राहिली आणि मग हसली, दमलेलं, मायेचं. "नगा ताई. आपल्या मान्साला वाचवाया तुमी कशाला अंगावर घेता? तुमची नोकरी मोठी. तुमच्यावानी शिकल्यालं मानूस चुकतंय व्हय?"

रश्मी तशीच काकासाहेबांकडं गेली. ते धक्क्यावर उभे राहून वास घेत होते, झाकण उघडायचं, वाकायचं, वास घ्यायचा, पुढं. तिनं सरळ सांगितलं. काकासाहेब मध्ये थांबले नाहीत, तीन कॅन झाले, मग म्हणाले, "मॅडम, तुमचं मन मोठं आहे. तुमच्या समाजात एकमेकांचा कळवळा असतो, मी जाणतो. चांगलीच गोष्ट आहे. पण शिस्त आहे ना. मी माझ्या डोळ्यांनी पाणी बघितलंय."

ते टोचून बोलले नव्हते, अगदी भलेपणानं बोलले होते. रश्मीला वाटलं, झालं, आपण सांगितलं, आता आपली जबाबदारी संपली. सांगूनही कुणी खरं मानलं नाही यात आपण काय करणार? किती सोयीचं होतं ते! खरं बोलल्याचं पुण्य गाठीला, आणि नोकरीही शाबूत. ती खोलीत येऊन खुर्चीवर टेकली. डोळ्यांसमोर सर आले, मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी उभे. कदाचित सरांनीही सांगितलं असेल, नंतर, एकांतात, मुख्याध्यापकांना. आणि मुख्याध्यापक म्हणाले असतील, सर, तुमचं मन मोठं आहे. कुणी सांगावं? अशानंच तर सगळे जन्मभर भले राहतात. तिला एकदम स्वतःचा राग आला, भडभडून, अंगाला घाम सुटावा तसा.

ती थांबली. साडेदहाला शेवटचा टेम्पो रिकामा होईपर्यंत, शेवटच्या कॅनची नोंद होईपर्यंत थांबली. दुधाचा यात काही अपराध नव्हता. मग तिनं काकासाहेबांना बोलावलं, गोरक्षला बोलावलं, धक्क्यावरच्या दोघांना बोलावलं. दगडाबाई अजून टाकीजवळच्या पायरीवरच होती, तिलाही आत ये म्हणाली. दगडाबाई उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली. "गोरक्ष, पंखा लाव," रश्मी म्हणाली. "डब्याला हात लावून बघ, कोरडा आहे का?"

गोरक्षनं चारी बाजूंनी हात फिरवला. "खडखडीत कोरडा हाय मॅडम."

रश्मीनं सर्व्हर बंद करून चालू केला. तो क्षणभर थांबला तेव्हा तिनं या वेळी काही टाईप केलं नाही. परवाचाच नवा गाभा उठला. "आता धक्क्यावरचं मशीन बघून या." एक जण पळत गेला आणि पळत आला. "गेलं मॅडम! सकाळच्यावानी गेलं!" पंखा फिरत होता. काकासाहेबांनी पंख्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. रश्मीनं पुन्हा बंद केला, चालू केला, चार अक्षरं टाईप केली. "आता बघून या." आलं होतं. "आणखी एकदा करून दाखवू?" तिनं विचारलं. "कितीदाही करता येईल. पाणी नाही, पंखा नाही. खंडेनवमीला मी ह्याचा गाभा बदलला, एक पायरी विसरले आणि तपासलं नाही. कुणाला विचारलंही नव्हतं. लिहून देते."

काकासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "लिहून तर द्यावंच लागेल मॅडम," ते हळूच म्हणाले. आवाजातला भलेपणा थोडा कमी झाला होता, पण त्या जागी दुसरं काहीतरी आलं होतं, प्रथमच ते तिच्याशी बरोबरीनं चिडले होते. "संचालकांपुढं जाईल हे. काय म्हणतील मला सांगता येत नाही." मग दाराकडं वळून, तिच्याकडं न बघता, "दगडाबाई, उद्या ये कामाला." आणि गेले. बाकीचेही गेले. जाताना गोरक्ष पंख्याची वायर गुंडाळत राहिला, पंखा निरपराध असल्यासारखा त्यानं तो उराशी धरून नेला.

दगडाबाई मात्र तिथंच उभी होती. रश्मीला वाटलं, आता ही पाया पडेल, आणि आपण तिला धरून उठवू, आणि रडू येईल, बरं वाटेल. पण दगडाबाई पाया पडली नाही. ती हबवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडं बघत होती, एकेक करून, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"ताई," ती म्हणाली. "सकाळी साह्यबानं मला इच्यारलं, तवा तुमाला ठावं हुतं?"

एकोणीस वर्षं रश्मी ज्या प्रश्नाला भीत आली होती तो एवढाच होता. आईनं तो कधी विचारला नव्हता, कारण आईला विचारण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. उत्तराची किती लांबलचक तयारी तिनं करून ठेवली होती. मी लहान होते, मी घाबरले होते, मी शिकत होते.

"व्हय," रश्मी म्हणाली. शब्द घरचा आला. "ठावं हुतं."

दगडाबाईनं मान हलवली. रागावली नाही, पण मघाची ती माया तोंडावरून पुसून गेली होती. "मंग मी साडेतीन तास त्या पायरीवर बसले हुते," ती म्हणाली. तिनं फडकं उलगडलं, झटकलं, आणि बाहेर जाऊन चपलांच्या ओळीतून आपल्या चपला शोधायला लागली.